बंद पडलेला संघ आठ वेळा विजेता कसा झाला? अमेरिकेतल्या महिला लॅक्रॉसची गोष्ट, सोप्या भाषेत

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं. १९०० नंतर पहिल्यांदाच क्रिकेट ऑलिम्पिकला परतणार म्हटल्यावर आपल्याकडे चर्चा त्याचीच होणार होती आणि झालीही. स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रॉस ही उरलेली नावं एका ओळीत उरकली गेली. त्यातल्या शेवटच्या खेळाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. १९०४ आणि १९०८च्या ऑलिम्पिकमध्ये तो खेळला गेला होता, पण फक्त पुरुषांसाठी. महिलांचं लॅक्रॉस ऑलिम्पिकमध्ये येतंय ते २०२८मध्ये, पहिल्यांदाच.

महिलांच्या या खेळाची ताकद आहे अमेरिकेतल्या विद्यापीठांत. म्हणून नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एका विद्यापीठाच्या संघाचा इतिहास बघितला, तर खेळही कळतो आणि त्यामागची व्यवस्थाही. मी निवडलेला संघ शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी इव्हॅन्स्टन गावात असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा आहे. हा संघ १९८२मध्ये सुरू झाला, १९९२मध्ये बंद करण्यात आला, २००२मध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि २००५मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. आजवर त्याच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. मधली दहा वर्षं मात्र विद्यापीठाच्या लेखी हा संघ अस्तित्वातच नव्हता. मुली तेव्हाही खेळत होत्या. त्या खेळत असताना संघ ‘नव्हता’ असं का म्हणायचं, हे समजलं की अमेरिकेतल्या महिला खेळांचं अर्धं कोडं सुटतं.

आधी खेळ समजून घेऊ

लॅक्रॉसच्या स्टिकच्या टोकाला जाळीची छोटी झोळी असते. रबरी चेंडू या झोळीत झेलायचा, स्टिक हलती ठेवून तो पळताना सांभाळायचा, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि साधारण १.८ मीटर उंच, तितक्याच रुंद गोलमध्ये मारायचा. चेंडूला हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही गोलभोवतीच्या वर्तुळात. विद्यापीठ पातळीवरच्या महिला सामन्यात एका बाजूला गोलरक्षकासह १२ खेळाडू असतात आणि १५ मिनिटांचे चार डाव होतात.

हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा. हौदेनोसौनी लोकांसाठी तो आजही केवळ करमणूक नाही. आजारी माणसाला बरं वाटावं, समाजाचं भलं व्हावं म्हणून खेळायचा तो एक विधी आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी तो उचलला आणि १९व्या शतकात कॅनडात त्याचे लेखी नियम झाले. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी १८८४मध्ये कॅनडात हा खेळ पाहिला आणि १८९०मध्ये तो त्या शाळेत सुरू झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, ब्रिन मॉर शाळेत, मुलींना तो शिकवायला सुरुवात केली.

पुरुषांचा आणि महिलांचा खेळ पुढे इतका वेगळा होत गेला की एक बघितलेल्याला दुसरा चटकन समजत नाही. पुरुष हेल्मेट आणि पॅड घालून एकमेकांना अंगाने धडक देऊ शकतात. महिलांच्या खेळात धडकेला बंदी आहे. त्यामुळे डोळ्यांना संरक्षक चष्मा, दातांना गार्ड आणि बाकी सगळी मदार पायांवर, नजरेवर आणि मनगटावर. प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यावर दोन खेळाडूंच्या आडव्या धरलेल्या स्टिकच्या मध्ये चेंडू अडकवून खेळ पुन्हा सुरू होतो. याला ड्रॉ म्हणतात. ज्या संघाला ड्रॉ सतत जिंकता येतात, तो गोल केल्यावर पुन्हा चेंडू मिळवतो आणि समोरच्याला श्वासच घेऊ देत नाही. टीव्हीवर सामना बघायची वेळ आली तर गोलपेक्षा ड्रॉ कोण जिंकतंय ते मोजा, निकालाचा अंदाज आधीच येईल.

लॉस एंजेलिसला दिसणारा प्रकार आणखी वेगळा, ‘सिक्सेस’ नावाचा: एका बाजूला सहा खेळाडू, लहान मैदान, आठ मिनिटांचे चार डाव. विद्यापीठाच्या लॅक्रॉसशी त्याचं नातं साधारण कसोटी आणि टी-ट्वेंटीइतकं आहे.

विद्यापीठाचा संघ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात विद्यापीठाचा संघ म्हणजे निवड चाचणी, काही दिवसांचं शिबिर, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा ‘अश्वमेध’, आणि त्यानंतर खेळाडू आपापल्या कॉलेजात परत. अमेरिकेत तसं नाही. तिथे पगारी पूर्णवेळ प्रशिक्षक, स्वतःचं मैदान, फिजिओ, प्रवासाचा खर्च, खेळावर मिळणारी शिष्यवृत्ती आणि जवळपास वर्षभर चालणारा सराव असतो. एखादी मुलगी १७-१८व्या वर्षी कुठल्या विद्यापीठात शिकायला जाणार, हे तिचा खेळ ठरवू शकतो.

पण हे सगळं मिळतं ते ‘व्हर्सिटी’ संघाला. व्हर्सिटी म्हणजे विद्यापीठाने मान्यता देऊन स्वतःच्या क्रीडा विभागात सामावून घेतलेला संघ. त्याच विद्यापीठात ‘क्लब’ संघही असतात. विद्यार्थी आवडीने एकत्र येतात, बराचसा खर्च वर्गणी काढून भागवतात. आपल्याला हा फरक अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीवरून लगेच कळेल. वर्ग तेच, पुस्तकं तीच, शिकवणाऱ्यांची तळमळही तीच. पण एका तुकडीचा पगार, इमारत आणि भविष्य मंजूर असतं, दुसरीचं दरवर्षी नव्याने जुळवावं लागतं. व्हर्सिटी दर्जा गेला की त्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेची वाट बंद होते आणि विजेत्यांच्या नोंदीत त्याचं नावही येत नाही.

ही राष्ट्रीय स्पर्धा भरवणारी संघटना म्हणजे एनसीएए, अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची सर्वांत मोठी नियामक संस्था. ती १९०६ पासूनची आहे, पण महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा तिने भरवायला सुरुवात केली ती १९८१-८२च्या हंगामात. महिला लॅक्रॉसची पहिली एनसीएए स्पर्धा १९८२ची, विजेता संघ मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा. त्याआधी महिलांच्या खेळांची वेगळी राष्ट्रीय संघटना होती, महिलांनीच चालवलेली. एनसीएए या क्षेत्रात उतरल्यावर ती टिकू शकली नाही. महिला खेळांना पैसा आणि प्रसिद्धी मिळाली, त्याच वेळी त्यांचा कारभार त्यांच्या हातून गेला, हेही या इतिहासात लिहिलं पाहिजे.

३७ शब्दांचा कायदा

मोठ्या विद्यापीठांनी महिलांचे संघ उभे करण्यामागे एक कायदा आहे. १९७२च्या शिक्षण सुधारणांमधल्या या कलमाला ‘टायटल नाइन’ म्हणतात. मूळ इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य अवघ्या ३७ शब्दांचं. सार असं: केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या आधारे कुणालाही वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही. या वाक्यात खेळाचा उल्लेखच नाही. संसदेत हे कलम पुढे नेणाऱ्या एडिथ ग्रीन, पॅट्सी मिंक आणि बर्च बाय यांच्यासमोर मुख्यतः प्रवेश आणि नोकऱ्यांचा प्रश्न होता. पण खेळ हाही विद्यापीठाचा उपक्रमच, त्यामुळे तो आपोआप कायद्याखाली आला.

समानता मोजायची कशी? १९७९मध्ये सरकारने तीन कसोट्या दिल्या. पहिली: विद्यार्थ्यांमध्ये मुलींचं जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंमध्ये असावं. दुसरी: तसं नसेल तर महिलांच्या संधी सातत्याने वाढवत नेल्याचा इतिहास दाखवावा. तिसरी: तेही नसेल तर मुलींची आवड आणि क्षमता यांना पूर्ण वाव दिला आहे हे सिद्ध करावं. तीनपैकी एक पुरे.

या हिशेबात मोठा पेच अमेरिकन फुटबॉलचा. एकट्या फुटबॉल संघात शंभराच्या आसपास मुलगे असतात आणि मुलींचा तेवढा मोठा एकही संघ नसतो. समजा एखाद्या विद्यापीठात ६०० खेळाडू आहेत आणि विद्यार्थ्यांमध्ये निम्म्या मुली आहेत. मुलींच्या वाट्याला ३०० जागा यायला हव्यात. त्या भरायच्या तर ३०-३५ मुलींना सामावणारे संघ लागतात: सॉकर म्हणजे आपला फुटबॉल, नौकानयन आणि लॅक्रॉस. १९९०च्या दशकात आणि त्यानंतर महिला लॅक्रॉसचे संघ वाढत गेले, त्यामागे खेळाच्या आवडीइतकंच हे गणितही होतं.

खासगी विद्यापीठाला सरकारचा कायदा कसा लागू होतो?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला. नॉर्थवेस्टर्न खासगी आहे. पण तिथले विद्यार्थी सरकारी शिक्षणमदत घेतात, प्राध्यापक सरकारी पैशातून संशोधन करतात. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रोव्ह सिटी खटल्यात असा निकाल दिला, की ज्या विभागाला सरकारी पैसा मिळतो तेवढ्याच विभागाला टायटल नाइन लागू. म्हणजे क्रीडा विभाग सुटला. चार वर्षं महिला खेळांचं संरक्षण अशा रीतीने जवळपास कागदावर उरलं. १९८८मध्ये संसदेने नवा कायदा करून हा अर्थ बदलला: संस्थेच्या एका भागाला मदत मिळत असेल, तर अख्ख्या संस्थेला नियम लागू.

मग १९९२मध्ये संघ बंद कसा करता आला?

कारण टायटल नाइन कुठल्याही एका खेळाला अभय देत नाही. तो एकूण संधी मोजतो. आणि तक्रार करणारं कुणी नसेल, तर मोजायला कुणी येतही नाही.

नॉर्थवेस्टर्नचा १९८०च्या दशकातला संघ दुबळा नव्हता. सिंडी टिमचल यांच्या मार्गदर्शनाखाली तो अनेकदा राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. या खेळाचं सगळं बळ पूर्व किनाऱ्यावर असताना मध्य-पश्चिमेतला संघ तिथवर पोचत होता. टिमचल १९९०च्या हंगामानंतर मेरीलँड विद्यापीठात गेल्या. दोन वर्षांनी नॉर्थवेस्टर्नने संघाचा व्हर्सिटी दर्जा काढून घेतला. मुलींनी क्लब म्हणून खेळ चालू ठेवला.

त्याच सुमारास पूर्वेला ब्राउन विद्यापीठात दुसरीच गोष्ट घडली. १९९१मध्ये ब्राउनने खर्च वाचवण्यासाठी महिलांचे जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, पुरुषांचे गोल्फ आणि वॉटर पोलो असे चार संघ व्हर्सिटीतून काढले. वरवर बघता दोन्हीकडे दोन-दोन, म्हणजे बरोबरी. पण मुलींच्या जागा मुळातच कमी होत्या. खेळाडू मुली न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचं अपील ऐकायला नकार दिला. त्याआधी १९९४मध्ये आणखी एक कायदा झाला होता: प्रत्येक विद्यापीठाने महिला आणि पुरुष खेळाडूंची संख्या आणि खर्च दरवर्षी जाहीर करायचा. आकडे उघड झाले आणि वाद घालायला पुरावा मिळाला. माझ्या मते टायटल नाइनला खरे दात आले ते या दोन घटनांनंतर.

२००२: जॉगिंग करणाऱ्या मुली आणि नवा संघ

नॉर्थवेस्टर्नने संघ पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा प्रशिक्षक म्हणून केली अमॉन्टी हिलर यांना आणलं. त्या मेरीलँडच्या खेळाडू, १९९५ आणि १९९६च्या विजेत्या संघातल्या. मेरीलँडला त्यांच्या प्रशिक्षक कोण होत्या? सिंडी टिमचल. नॉर्थवेस्टर्न सोडून गेलेल्या गुरूंनी तिकडे मेरीलँडला सलग सात विजेतेपदं मिळवून दिली, १९९५ ते २००१, आणि त्यांच्याच हाताखाली घडलेली शिष्या त्यांच्या जुन्या विद्यापीठात शून्यापासून संघ बांधायला आली. या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटतं. विद्यापीठाने दर्जा काढला तरी विद्येची परंपरा दुसऱ्या मैदानावर चालूच राहिली होती.

पूर्वेकडच्या नावाजलेल्या शाळांतल्या तयार खेळाडू नव्या, अनोळखी संघाकडे वळणं अवघड. अमॉन्टी हिलर यांनी लॅक्रॉस न खेळलेल्या, पण अंगात चपळाई असलेल्या मुली शोधल्या. विद्यापीठाच्या आवारात जॉगिंग करताना दिसलेल्या दोन जुळ्या बहिणींना त्यांनी थेट विचारलं, खेळाल का? त्या दोघींना खेळाची ओळखही नव्हती. २००५मध्ये त्या विजेत्या संघात होत्या.

पहिल्या हंगामात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त. चौथ्या हंगामात २१ सामने, २१ विजय. अॅनापोलिसला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी व्हर्जिनियाला १३-१० असं हरवलं. पूर्व किनाऱ्याच्या वेळपट्ट्याबाहेरच्या विद्यापीठाने महिला लॅक्रॉसचं एनसीएए विजेतेपद जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्या विजयानंतर संघाला व्हाइट हाउसचं निमंत्रण मिळालं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यासोबतच्या फोटोत पुढच्या रांगेतल्या काही मुलींच्या पायात सपाता होत्या, आणि देशभर चर्चा झाली ती त्या सपातांची. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे. एकही सामना न हरलेल्या संघाच्या बचावतंत्राविषयी कुणी इतकं बोललं नाही. मुलींनी त्या सपातांचा लिलाव केला आणि पैसे मेंदूत गाठ असलेल्या एका लहान मुलीच्या मदतीसाठी दिले. तिच्याशी संघाची मैत्री त्याच हंगामात जुळली होती.

आठ वर्षांत सात, आणि मग मोठी प्रतीक्षा

२००५ ते २००९ सलग पाच विजेतेपदं. २०१०च्या अंतिम सामन्यात मेरीलँडकडून हार. २०११मध्ये त्याच मेरीलँडवर ८-७ असा निसटता विजय, २०१२मध्ये सिरॅक्यूजवर ८-६. या काळात क्रिस्टन केलमन आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या हॅना निल्सन या दोघींनी प्रत्येकी दोनदा टेवारॅटन पुरस्कार मिळवला. अमेरिकेतल्या विद्यापीठीय लॅक्रॉसमधला तो सर्वोच्च वैयक्तिक मान.

त्यानंतर थेट २०२३पर्यंत विजेतेपद नाही. एक कारण उघड आहे: नॉर्थवेस्टर्नने दाखवलेली वाट बघून इतर विद्यापीठांनीही संघ उभे केले, पैसा ओतला. दरम्यान खेळही बदलला. पूर्वी आघाडीवर असलेला संघ चेंडू आपल्याकडे ठेवून वेळ काढू शकायचा. २०१७च्या हंगामापासून ९० सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. तेवढ्या वेळात गोलवर मारा केला नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे. फरक धावफलकावर दिसतो. २००६चा अंतिम सामना नॉर्थवेस्टर्नने ७-४ असा जिंकला होता. २०२३मध्ये बोस्टन कॉलेजला हरवून आठवं विजेतेपद मिळवलं, ते १८-६ असं. त्या संघाची इझी स्केन गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२२चा हंगाम पूर्ण मुकली होती. परत येऊन तिने २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ टेवारॅटन जिंकला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरला.

“पण हा श्रीमंत गोऱ्या मुलींचा खेळ ना?”

आक्षेप खरा आहे आणि तो टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. स्टिक, चष्मा, उन्हाळी शिबिरं, क्लबची फी हे सगळं महाग. महिला लॅक्रॉस अमेरिकेत वाढलं ते मुख्यतः पूर्वेकडच्या खासगी शाळांमधून. टायटल नाइनने लिंगभेदावर उपाय केला. वर्ण आणि वर्ग यांच्यावर केला नाही. ज्या आदिवासी समाजांनी हा खेळ जगाला दिला, त्यांच्या मुली विद्यापीठीय संघांत आजही फार थोड्या दिसतात. संघ वाढल्याने जागा वाढल्या, पण त्या जागांपर्यंत पोचायची वाट अजून खर्चिकच आहे.

“मुलींसाठी मुलांचे संघ बंद करतात, हा न्याय का?”

काही विद्यापीठांनी पुरुषांचे कुस्ती किंवा जिम्नॅस्टिक्सचे संघ बंद करून टायटल नाइनकडे बोट दाखवलं हे खरं. कायदा मात्र कुठलाही संघ बंद करायला सांगत नाही. समतोल साधा म्हणतो. तो नवे संघ काढून साधायचा की जुने छाटून, हा निर्णय विद्यापीठाचा, आणि बहुतेक वेळा फुटबॉलच्या खर्चाला हात न लावण्याचा निर्णय आधीच झालेला असतो. नॉर्थवेस्टर्नमध्ये आज मुलींचं लॅक्रॉस व्हर्सिटी आहे आणि मुलांचं क्लब. वर्गणी काढून खेळणाऱ्या त्या मुलांबद्दल सहानुभूती वाटायलाच हवी. १९९२ ते २००१ तिथल्या मुली नेमक्या तशाच खेळत होत्या.

आता पैसा आला आहे

जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीने विद्यापीठीय खेळांचा पायाच हलला. ‘हाउस’ खटला म्हणून तो ओळखला जातो. तोवर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येत नव्हते. तडजोडीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६साठी, प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये वाटायची मुभा मिळाली. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, कारण उत्पन्न तिथून येतं असा युक्तिवाद आहे. हा पैसा टायटल नाइनखाली येतो का? जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ‘येतो’ असं सांगितलं. सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत तेच मार्गदर्शन मागे घेतलं. तडजोडीनुसार पूर्वीच्या खेळाडूंना द्यायच्या भरपाईच्या वाटपाविरुद्ध काही महिला खेळाडूंनी त्याच जूनमध्ये अपील दाखल केलं.

लॅक्रॉसपुरता बदल दुहेरी आहे. पूर्वी महिला संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि प्रशिक्षक त्या तुकड्यांत वाटून तीसेक मुलींना थोडी-थोडी मदत करत. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत आता शिष्यवृत्त्यांवर बंधन नाही, म्हणजे अख्ख्या संघाची फी माफ करता येईल, विद्यापीठाची इच्छा असेल तर. बदल्यात संघात ३८ जणींचीच मर्यादा आली. तयार खेळाडूंना यात फायदा आहे. पण पूर्वी प्रशिक्षकाला एखादी न शिकलेली, नुसती वेगाने पळणारी मुलगी संघात ठेवून वर्ष-दोन वर्षं घडवता येत असे. जागा मोजक्या झाल्या की त्या आधीपासून शिकून आलेल्या मुलींनाच आधी मिळतील, आणि आवारात जॉगिंग करणाऱ्या मुलीला थांबवून ‘खेळाल का’ असं विचारणं प्रशिक्षकाला पूर्वीपेक्षा महाग पडेल.